अहिल्यानगर जिल्ह्यातील रानअळंबी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील रानअळंबी म्हणजे या जिल्ह्यातील जंगले, माळराने, शेतांचे बांध, कुजके ओंडके आणि वारुळे यांवर पावसाळ्यात लागवडीशिवाय उगवणारी मोठ्या आकाराची कवके होत. त्यांतील काही खाद्य आहेत, पुष्कळशी खाण्यास निरुपयोगी आहेत आणि थोडी प्राणघातक आहेत. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका हे रानअळंबीचे मुख्य क्षेत्र असून तेथील महादेव कोळी व ठाकर समाजांत पावसाळी रानभाज्यांच्या जोडीने अळंबी गोळा करण्याची परंपरा आहे. युरोपात ट्रफल म्हणून प्रसिद्ध असलेली भूमिगत कवके ज्या वृक्षांच्या मुळांवर वाढतात, ते वृक्ष येथील जंगलांत नाहीत. त्यामुळे या जिल्ह्यात दुर्मीळ व मोलाचे कवक म्हणजे ट्रफल नव्हे, तर वाळवीच्या वारुळातून वर येणारी अळंबी होय.

नावे

मराठीत अळंबी, अळिंब आणि भूछत्र हे शब्द जवळजवळ समानार्थाने वापरले जातात. शास्त्रीय लेखनात कवकाच्या जमिनीवर दिसणाऱ्या, बीजाणू तयार करणाऱ्या भागाला फलकाय म्हणतात. खरे कवक म्हणजे माती, लाकूड किंवा वारूळ यांच्या आत पसरलेले तंतूंचे कवकजाल. विदर्भात वारुळावरच्या व त्यासारख्या खाद्य अळंब्यांना सात्या, टेकोडे अशी नावे आहेत, तर गोव्यात वारुळाच्या अळंबीला रोयण अळमी म्हणतात. ‘कुत्र्याची छत्री’ हे नाव राज्यभर ऐकू येते. ते कोणत्याही एका जातीचे नाव नाही. ‘ही खाऊ नये’ एवढाच त्याचा अर्थ आहे. लोकव्यवहारातील वर्गीकरण असे पहिल्यांदा खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे यांवर उभे असते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्थानिक नाव टिपताना ते कोणत्या गावी, कोणत्या जागेवरच्या कवकासाठी वापरले गेले हेही लिहून ठेवणे आवश्यक ठरते, कारण एकच नाव दोन खोऱ्यांत दोन वेगळ्या जातींना लावले जाऊ शकते.

भूप्रदेश आणि पाऊस

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून (सुमारे १७,००० चौ. किमी) त्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिमी पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरील घाटघर, रतनवाडी या गावांच्या परिसरात याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), हरिश्चंद्रगड, रतनगड आणि प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण हे सर्व अकोले तालुक्याच्या याच पट्ट्यात आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यही येथेच असून त्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौ. किमी आहे. जंगलात हिरडा, जांभूळ, अंजन, आंबा, उंबर असे वृक्ष, कडेला करवंदीच्या जाळ्या आणि उतारांवर भातखाचरे असा हा प्रदेश आहे.

पावसाचा हा तीव्र उतार कवकांच्या वाटणीतही दिसतो. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात कुजक्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी लवचीक ऑरिक्युलॅरिया, पंख्यासारखी छोटी स्किझोफायलम आणि कठीण फळीसारखी गॅनोडर्मा ही कवके वाढतात. दक्षिणेला असलेल्या भीमाशंकरच्या जंगलात ऐन पावसाळ्यात रात्री फिकट हिरवा प्रकाश देणारी मायसिना प्रजातीतील कवके प्रसिद्ध आहेत. भंडारदरा परिसरात मे अखेरीस काजवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांना जो प्रकाश दिसतो तो कीटकांचा. त्याचा या कवकांशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत वृत्तपत्रांतूनही होते.

वारुळावरची अळंबी

टर्मिटोमायसेस या प्रजातीची स्थापना फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये केली. या प्रजातीतील सर्व जाती आफ्रिका व आशियातील विशिष्ट वाळवींच्या घरट्यांतच जगतात. भारतात ओडोन्टोटर्मिस ही अशी कवक वाढवणारी वाळवी सर्वत्र आढळते. कामकरी वाळव्या वाळलेली पाने, गवत व लाकूड खाऊन, अर्धवट पचलेल्या विष्ठेपासून वारुळाच्या आत स्पंजासारखी जाळीदार पोळी बांधतात. या पोळीवर कवक वाढते. लाकडातील लिग्निनसारखे चिवट घटक कवक मोडते आणि वाळवी कवकाचे पांढरे सूक्ष्म गोळे व जुनी झालेली पोळी खाते. वाळवीला एकटीने न पचणारे अन्न कवक पचवून देते; कवकाला ओलावा, स्थिर तापमान आणि प्रतिस्पर्धी बुरशींपासून संरक्षण मिळते. ही एक प्रकारची शेतीच असून ती माणसाच्या शेतीपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुनी आहे.

पावसाने जमीन भिजून मऊ झाली की पोळीवरून लांब, मुळासारखा देठ मातीतून वर सरकतो. त्याच्या टोकाला कठीण, टोकदार उंचवटा असतो आणि तोच माती भेदून बाहेर येतो. छत्र उघडल्यावरही मध्यभागी हा उंचवटा कायम राहतो. काही जातींत जमिनीखालचा देठ एक मीटरहूनही लांब भरतो. उगवल्यापासून छत्र पूर्ण पसरून सडू लागेपर्यंत दोन-चार दिवसांचाच अवधी असतो, त्यामुळे ही अळंबी ‘दुर्मीळ’ भासते. प्रत्यक्षात कवक वर्षभर वारुळात असते. आपल्याला त्याचा दिसणारा काळ तेवढा तुटपुंजा आहे. वारूळ जिवंत असेपर्यंत ती दरवर्षी जवळपास त्याच जागी येते. कोणत्या बांधावर, कोणत्या पावसानंतर ती येते हे ठाऊक असणे म्हणूनच मोलाचे, आणि अशी जागा घराबाहेर सहसा सांगितली जात नाही.

टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस ही या प्रजातीतील लहानखुरी जात वेगळ्या रीतीने उगवते. वाळव्या जुन्या पोळीचे कण घरट्याबाहेर आणून जमिनीवर पसरतात आणि त्या कणांवर एक-दोन सेंटिमीटर व्यासाच्या शेकडो पांढुरक्या छत्र्या एकाच वेळी उभ्या राहतात. तिला खोल देठ नसतो. उलट आफ्रिकेतील टर्मिटोमायसेस टायटॅनिकस हिचे छत्र एक मीटरपर्यंत रुंद होते व ती जगातील सर्वांत मोठ्या खाद्य अळंब्यांत गणली जाते.

विजा कडाडल्या की अळंबी उगवते, ही समजूत भारतातील अनेक प्रदेशांत आहे. वादळी पाऊस आणि अळंबीचा हंगाम एकत्र येत असल्याने ती रुजली असावी. जपानमधील इवाते विद्यापीठातील प्रयोगांत लाकडावर वाढवलेल्या काही अळंब्यांना उच्च दाबाचे विद्युत स्पंद दिल्यावर उत्पादन वाढल्याचे आढळले आहे. मात्र ते प्रयोग लाकडावरच्या कवकांचे होते, वारुळातल्या नव्हे.

धिंगरी आणि बटण अळंबीप्रमाणे टर्मिटोमायसेसची व्यापारी लागवड आजवर साध्य झालेली नाही. प्रयोगशाळेत तिचे कवकजाल वाढते, परंतु वाळवीच्या घरट्याविना फलकाय मिळवता येत नाहीत. बाजारात येणारी प्रत्येक वारूळ-अळंबी रानातूनच आलेली असते. जमिनीचे सपाटीकरण करताना वारूळ उकरले गेले, किंवा वाळवी मारण्यासाठी त्यात कीटकनाशक ओतले, की त्या जागेची अळंबी कायमची संपते.

ओळख

अळंबी ओळखण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न ‘ती कशी दिसते’ हा नसून ‘ती कशावर उगवली आहे’ हा आहे. वरून पाहिल्यास पांढुरक्या छत्राच्या डझनभर जाती सारख्याच भासतात. उगवणीची जागा, देठाचा तळ, पटलिका (छत्राखालच्या पात्यांसारख्या पातळ पट्ट्या) आणि बीजाणूंचा रंग ही चार लक्षणे एकत्र तपासल्याशिवाय निर्णय करता येत नाही. तपासणीसाठी अळंबी कधीही वरच्यावर तोडू नये; निदान एक नमुना तळाभोवतीची माती हलकेच बाजूला करून अखंड काढावा.

टर्मिटोमायसेसमध्ये देठ खाली निमुळता होत वारुळाकडे जातो, त्याच्या तळाशी पिशवी नसते, पटलिका देठापासून सुट्या असतात आणि बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी छटेचा पडतो. ठसा घेण्यासाठी छत्र देठापासून कापून, पटलिका खाली ठेवून, अर्धे पांढऱ्या व अर्धे काळ्या कागदावर येईल असे ठेवतात आणि वर वाटी पालथी घालतात. काही तासांत कागदावर बीजाणूंची नक्षी उमटते. कागद दुरंगी घेण्याचे कारण साधे आहे: पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही, आणि नेमका पांढरा ठसाच धोक्याची सूचना असू शकतो.

अमानिटा या प्रजातीत जगातील सर्वांत विषारी अळंब्या आहेत. त्यांचा ठसा पांढरा असतो. देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असते, बहुतेक जातींत देठावर कडेही असते आणि कोवळेपणी संपूर्ण कवक अंड्यासारखे गोल असते. ही तळपिशवी मातीत दडलेली असल्याने वरून खुडणाऱ्याला ती दिसतच नाही. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या वोल्व्हॅरिएला वोल्व्हेसिया या खाद्य अळंबीलाही तळपिशवी असते, पण तिचा ठसा गुलाबी असतो व देठावर कडे नसते. कोवळ्या, अंड्याच्या अवस्थेत या दोघींतला भेद नुसत्या डोळ्यांनी करणे धोक्याचे आहे. पेंढ्यावरच्या अळंबीची सवय असलेल्या आशियाई स्थलांतरितांना अमेरिकेत या साम्यातून विषबाधा झाल्या आहेत. पांढऱ्या, चेंडूसारख्या पफबॉल कवकांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. त्यांचा उभा छेद घेतल्यास आत सर्वत्र एकसारखा पांढरा गर दिसला पाहिजे. छेदात छत्राची किंवा देठाची आकृती दिसली तर ते अमानिटाचे अंडे असू शकते.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही गवताळ जागी, कुरणांत आणि हिरवळींवर पावसात येणारी मोठी, देखणी अळंबी भारतात सर्वदूर आढळते. छत्रावर तपकिरी खवले, देठावर सरकवता येणारे कडे आणि कोवळेपणी पांढऱ्या पटलिका असल्याने ती खाद्य वाटते. पूर्ण वाढ झाल्यावर पटलिका हिरवट होतात व ठसाही हिरवट पडतो. कोवळी खुडली तर ही खूण उपलब्धच नसते. ती सहसा जीवघेणी नसली तरी खाल्ल्यानंतर काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात.

गुलाबी ठसा म्हणजे सुरक्षितता, असाही नियम करता येत नाही. एन्टोलोमा प्रजातीतील विषारी जातींचा ठसा गुलाबीच असतो. फरक इतकाच की त्यांच्या पटलिका देठाला चिकटलेल्या असतात आणि त्यांचा वारुळाशी संबंध नसतो. जमिनीत लांब देठ असलेली हायमेनोपेलिस ही अळंबीही वारुळाच्या अळंबीसारखी भासते, पण तिचा देठ वाळवीच्या पोळीपर्यंत नव्हे, तर पुरलेल्या मुळापर्यंत किंवा लाकडापर्यंत जातो.

लोकांत रूढ असलेल्या काही चाचण्या मात्र पूर्णतः निराधार आहेत. शिजवताना चांदीचा चमचा, लसूण किंवा कांदा काळा पडला तर अळंबी विषारी. किडे किंवा गोगलगाई खातात ती निर्धोक. साल सोलता येते ती खाण्याजोगी. उकळून पाणी फेकले की विष जाते, अशा या समजुती आहेत. अमानिटातील अमाटॉक्सिन चांदीवर परिणाम करत नाही आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. जाणत्या वृद्ध स्त्रिया प्रत्यक्षात या चाचण्यांवर विसंबतही नाहीत. त्या ठरावीक वारुळावरची, वर्षानुवर्षे खाल्लेली अळंबीच घेतात आणि अनोळखी जागेची सोडून देतात. चाचणीची गोष्ट ऐकून परगावच्या रानात अळंबी शोधणाऱ्याकडे नेमके हे जागेचे ज्ञान नसते.

ट्रफल आणि जमिनीखालचे गोळे

ट्यूबर या प्रजातीतील खरी ट्रफल ओक, हेझल यांसारख्या वृक्षांच्या मुळांशी बाह्य मायकोरायझा नावाचे सहजीवन करतात. कवकतंतू मुळांच्या टोकांवर आवरण चढवतात आणि पाणी व खनिजांच्या बदल्यात साखर घेतात. अकोल्याच्या जंगलातील हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर यांच्या मुळांशी मुख्यतः वेगळ्या गटातील सूक्ष्म कवके राहतात. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरतात, पण ट्रफलसारखे मोठे फलकाय तयार करत नाहीत. येथे ट्रफल का नाही, याचे उत्तर अशा रीतीने मातीत किंवा हवामानात शोधण्याआधी झाडांच्या मुळांशी मिळते.

देशी ट्रफल म्हणून अलीकडे ज्याचा उल्लेख होतो ते मध्य व पूर्व भारतातील साल वृक्षाखालचे ॲस्ट्रेअस हे कवक होय. बस्तरमध्ये त्याला बोडा, तर झारखंडमध्ये रुगडा म्हणतात आणि हंगामाच्या सुरुवातीला ते फार महाग विकले जाते. ते ट्रफलच्या कुळातील नसून पफबॉलसारख्या कवकांचे नातलग आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात सालाची जंगले नाहीत.

जिल्ह्यात लावलेल्या निलगिरीच्या मुळांशी मात्र बाह्य मायकोरायझा होतो. निलगिरीसोबत जगभर पसरलेल्या कवकांत पिसोलिथस आणि स्क्लेरोडर्मा ही दोन ठळक आहेत. दोन्हींचे फलकाय अर्धवट मातीत गाडलेल्या बटाट्यासारखे दिसतात. स्क्लेरोडर्मा कापल्यास जाड, कठीण साल आणि आत जांभळट काळा गर दिसतो. त्याच्या काळेपणामुळे तो काळा ट्रफल समजला जाण्याची शक्यता असते, परंतु खऱ्या ट्रफलच्या छेदात पांढुरक्या शिरांची संगमरवरी नक्षी असते. स्क्लेरोडर्मा विषारी असून त्याने पोटदुखी व उलट्या होतात. निलगिरीखाली सापडलेला काळ्या गराचा गोळा खाण्यासाठी घेऊ नये.

कोरडा पूर्व भाग

माळरानांच्या पट्ट्यात अळंबी कमी असली तरी वैशिष्ट्यपूर्ण आहे. पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस हे कवक महाराष्ट्रासह देशाच्या कोरड्या भागांतून नोंदले गेले आहे. ते अनेकदा वारुळांवर येते आणि मिटलेल्या छत्रीसारखे उभे राहते. त्याचे छत्र कधी उघडत नाही. आतील गर हळूहळू काळ्या-तपकिरी भुकटीत बदलतो. राजस्थानात पोडॅक्सिस व फेलोरिनिया ही कोवळी असताना खुंबी या नावाने गोळा करून विकली जातात.

अभ्यास

महाराष्ट्रातील अळंबीच्या शास्त्रीय नोंदणीत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा (स्थापना १९४६) वाटा मोठा आहे. ए. व्ही. साठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांचा वर्गीकरणात्मक अभ्यास या संस्थेने १९८० मध्ये मोनोग्राफच्या रूपाने प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील जातींसाठी तो आजही आधारग्रंथ मानला जातो. संस्थेच्या संशोधन केंद्राला पुढे आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर कवक संग्रह व जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह तेथे आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अळंबीविषयक काम मुख्यतः पुण्यातील कृषी महाविद्यालयातून चालते आणि ते लागवडीच्या जातींवर केंद्रित आहे.

विषबाधा

अमाटॉक्सिनच्या विषबाधेत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. खाल्ल्यानंतर पहिले सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबून रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. म्हणून उशिरा सुरू झालेला त्रास लवकर सुरू झालेल्या त्रासापेक्षा गंभीर समजतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला; त्यांतील बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबांतले होते. संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, रुग्णाला यकृतावरील उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते. सोबत उरलेली कच्ची किंवा शिजवलेली अळंबी कागदात गुंडाळून न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते व ओळख पटवणे अवघड होते. त्याच ताटातली भाजी खाल्लेल्या, पण अजून त्रास न झालेल्या व्यक्तींनाही तपासावे लागते.

गोळा करणे आणि कायदा

वारुळाची अळंबी काढताना देठ जमिनीच्या पातळीपाशी हलके पिळून घेतात. पोळीपर्यंत उकरल्यास घरटे उघडे पडते. भाजी कांदा, लसूण व मसाला घालून नीट शिजवून भाकरीबरोबर खातात. कच्ची अळंबी, अगदी खाद्य जातीची असली तरी, खाल्ली जात नाही. उरलेली अळंबी टिकवणे कठीण असल्याने ती बहुधा त्याच दिवशी संपवतात किंवा रस्त्याकडेला वाट्यावर विकतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही. काढलेले वनोपज अभयारण्यात व त्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांच्या वैयक्तिक गरजांसाठी वापरता येते, व्यापारासाठी नाही. वनहक्क अधिनियम, २००६ ने वननिवासींना गौण वनोपजावर मालकी हक्क दिला, परंतु त्यातील व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ उत्पादनांची आहे आणि तिच्यात अळंबीचे नाव नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी मांडलेल्या पंचसृष्टी वर्गीकरणापासून कवके वनस्पतींपासून वेगळी मानली जातात. कायद्याची भाषा मात्र जुन्या समजुतीवर उभी आहे. व्याख्येतील यादी ‘व तत्सम’ अशा शब्दांनी खुली ठेवलेली असल्याने अळंबीचा समावेश तिच्यात गृहीत धरता येतो. अभयारण्याबाहेरील शेतांच्या बांधांवर आणि मालकी जमिनींतील वारुळांवर येणाऱ्या अळंबीला अभयारण्याचे हे निर्बंध लागू होत नाहीत.